झाडांसाठी केलेला अर्ज

बालमित्रांनो, एक कोरा कागद घ्या आणि पाच मिनिटांत एक निसर्गचित्र काढा पाहू! काढलंत? आता तुमचा कागद न बघता मी सांगते त्यात काय आहे ते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून वळत वळत येणारी नदी, नदीकाठी एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड आणि आभाळात इंग्रजी व्ही अक्षरासारखे चार-पाच पक्षी. काय, हसलात ना?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहानशा प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे नदीला पाणी चार महिने, डोंगर म्हणाल तर नजर पोचेल तिथपर्यंत एकही नाही, आणि नारळ दिसतो तो देवळात. तरीसुद्धा माझ्या वर्गातल्या प्रत्येक चित्रात नारळाचं झाड डुलत असतं! खिडकीबाहेर चांगला डेरेदार लिंब उभा आहे. त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही.

यात मुलांना हसण्यासारखं काही नाही बरं का. युरोपातले मोठमोठे चित्रकारसुद्धा कितीतरी वर्षं असंच करत. खोलीत बसून मनानं झाडं काढायची, त्याखाली ग्रीक देवदेवता उभ्या करायच्या, मागे एखादं पडकं देऊळ दाखवायचं, की झालं निसर्गचित्र. मग काही चित्रकार खोलीतून उठले आणि एका जंगलात जाऊन खऱ्या झाडासमोर बसले. पुढे त्या जंगलाचं नशीबच बदललं. तीच हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे.

हे जंगल फ्रान्समध्ये आहे. पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे साठ किलोमीटरवर फोंतेनब्लो नावाचं गाव आहे. मी तिथे गेलेली नाही. डी.एड.ला असताना पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मला फ्रेंच चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. पाठकोरं फाटलेलं होतं म्हणून स्वस्तात मिळालं! त्यात हे नाव पहिल्यांदा वाचलं, आणि तेव्हापासून जिथे मिळेल तिथे या गावाबद्दल वाचत आले.

नावाची गंमत आधी सांगते. दंतकथा अशी, की एक राजा शिकारीला आला असताना त्याचा ब्लो नावाचा लाडका कुत्रा रानात हरवला. शोधता शोधता तो सापडला एका स्वच्छ पाण्याच्या झऱ्यापाशी. म्हणून तो 'ब्लोचा झरा', म्हणजेच फोंतेनब्लो! काही जण म्हणतात, कुत्र्याचं काही नाही, 'सुंदर पाण्याचा झरा' या शब्दांचंच हे रूप आहे. मला विचाराल तर वर्गात सांगायला कुत्र्याची गोष्ट बरी.

राजे इथे यायचे ते शिकारीसाठी. हरणं, रानडुकरं भरपूर. इथल्या राजवाड्याचा उल्लेख थेट ११३७ सालापासून सापडतो. तेव्हा तो एक किल्लाच होता. १५२८ मध्ये पहिला फ्रान्स्वा या राजाने तो नव्याने बांधायला घेतला. फ्रान्स्वाला इटलीतल्या कलेचं भारी वेड. त्याने तिकडून चित्रकार आणि शिल्पकार बोलावून घेतले आणि भिंतीच्या भिंती रंगवून घेतल्या. तुम्हांला ठाऊक असलेली लिओनार्दो दा विंचीची 'मोनालिसा' याच राजाकडे आली आणि पुढे काही काळ ती या राजवाड्यात होती. नंतरचा प्रत्येक राजा येई आणि एखादा महाल, एखादं अंगण, एखादा जिना वाढवी. असं वाढता वाढता आज तिथे दीड हजारांहून जास्त खोल्या आहेत! झाडून काढायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची? १९८१ पासून हा राजवाडा आणि त्याचा बगीचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

राजवाड्यासमोर घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक दुहेरी जिना आहे. २० एप्रिल १८१४ या दिवशी सम्राट नेपोलियन या जिन्यावरून खाली उतरला. सगळा युरोप हादरवणारा हा माणूस तेव्हा हरलेला होता आणि दोनच आठवड्यांपूर्वी त्याने याच राजवाड्यात राजत्यागाच्या कागदावर सही केली होती. अंगणात त्याचे जुने, विश्वासू सैनिक रांगेत उभे होते. त्याने त्यांचा निरोप घेतला, सैन्याच्या निशाणाचं चुंबन घेतलं आणि बग्गीत बसून तो एल्बा बेटाकडे निघाला. मिशावाले शिपाई ढसाढसा रडले म्हणतात. तेव्हापासून लोक त्या अंगणाला 'निरोपाचं अंगण' म्हणू लागले. (मोठ्या मुलांनी इतिहासाच्या पुस्तकात पुढचं बघावं. अकरा महिन्यांत स्वारी परत फोंतेनब्लोत हजर होती!)

राजवाड्याचं एवढं पुरे. पुस्तकांत राजवाड्याला पन्नास पानं असतात आणि जंगलाला दोन. मला उलटं करावंसं वाटतं.

कारण जंगल केवढं! सरकारी जंगलच सुमारे १७,००० हेक्टर, म्हणजे १७० चौरस किलोमीटर. मुंबईच्या मुलांनी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान पाहिलं असेल. ते साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या दीडपटीहून हे मोठं. ओक, बीच, पाईन अशी झाडं आणि त्यांच्यामध्ये पांढरी शुभ्र वाळू. जंगलात वाळू कुठून आली? तीन-साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता! समुद्र मागे हटला, वाळू राहिली. काही ठिकाणी तिचे थर घट्ट होऊन दगड बनले. आज रानात जागोजागी घराएवढे दगड पडलेले दिसतात. काहींच्या अंगावर हत्तीच्या कातडीसारख्या भेगा आहेत. जगभरातले चढाईपटू या दगडांवर दोर न लावता चढायचा सराव करतात. पडलो तर लागू नये म्हणून पाठीवर चक्क गादी बांधून जंगलात जातात! लहान मुलांसाठी सोपे दगड वेगळे आहेत. त्यांवर पांढऱ्या खुणा असतात. आणि ती वाळू इतकी शुद्ध, की तिची उत्तम काच होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोर काचेचा मोठा पिरॅमिड आहे ना, त्याच्या काचेसाठी इथलीच वाळू वापरली.

आता चित्रकार.

या जंगलाच्या कडेला बार्बिझाँ नावाचं एक खेडं आहे. साधारण १८३० च्या सुमारास पॅरिसचे चित्रकार तिथे यायला लागले. गावात गान नावाच्या माणसाची एक साधी खानावळ होती, तिथे उतरायचं. सकाळी भाकरतुकडा बांधून घ्यायचा, छत्री, घडीची खुर्ची आणि रंगांची पेटी खांद्यावर टाकायची आणि रानात जायचं. पावसाने बाहेर पडता आलं नाही, की हे लोक खानावळीच्या भिंती, दारं, कपाटंसुद्धा रंगवून ठेवायचे! आपण घरातल्या कपाटावर चित्र काढलं तर काय होतं ते तुम्हांला माहीत आहेच. इथे मात्र ती कपाटं जपून ठेवली आहेत आणि त्या खानावळीचं आता संग्रहालय झालं आहे.

दोन गोष्टींनी या मंडळींचं काम सोपं झालं. एक म्हणजे १८४१ मध्ये रंग भरायची पत्र्याची नळी निघाली. तोवर रंग घोटून डुकराच्या फुग्यात, म्हणजे मूत्राशयात, भरून न्यावे लागत. तो फुटला की सदरा रंगला! दुसरी म्हणजे १८४९ मध्ये पॅरिसहून फोंतेनब्लोला आगगाडी सुरू झाली.

याच १८४९ साली झाँ-फ्रान्स्वा मिले नावाचा चित्रकार बायकामुलांसह बार्बिझाँला राहायला आला. पॅरिसमध्ये तेव्हा पटकीची साथ होती. मिले शेतकऱ्याच्या घरातला. त्याने १८५७ मध्ये काढलेलं एक चित्र माझ्या त्या फाटक्या पुस्तकात आहे. पीक निघालेल्या रानात तीन बायका वाकून जमिनीवर पडलेली कणसं वेचताहेत. आपल्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात. शहरातल्या मुलांनी आजीला विचारावं. काढणी झाल्यावर रानात जे चुकूनमाकून राहतं ते गोरगरिबांनी वेचून न्यायचं. माझी आई लहानपणी भुईमुगाचा आणि ज्वारीचा सरवा वेचायला जायची. तिला मी ते चित्र दाखवलं. तिने चष्मा लावला, पुस्तक उजेडात धरलं आणि म्हणाली, "ह्या डावीकडच्या बाईनं एक हात पाठीवर का ठेवलाय सांग? वेचलेली कणसं हायती त्या मुठीत. खाली वाकलं की अशीच मूठ मागं न्यावी लागती. आणि त्यो लांब घोड्यावर बसलाय, त्यो मुकादम!"

मी ते चित्र दहा वर्षं पाहत होते. घोड्यावरचा मुकादम मला आईने दाखवला.

मिलेचा शेजारी आणि जिवलग मित्र होता तेओदोर रूसो. (पालकांसाठी: हा तत्त्वज्ञ रूसो नव्हे, तो शंभर वर्षं आधीचा.) हा रूसो झाडांचा माणूस. मिले माणसं रंगवी आणि रूसो झाडं, तीही एखाद्या ओळखीच्या माणसाचा चेहरा काढावा तशी. प्रत्येक ओकची खोडाची ठेवण वेगळी, फांद्या पसरायची तऱ्हा वेगळी, वाळलेली फांदीसुद्धा जिथल्या तिथे. पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं वर्षामागून वर्षं नापास होत होती. इतकी, की लोकांनी त्याला 'महान नापास' असं टोपणनावच दिलं. तरी हा गडी आपला झाडासमोर बसलेला.

आणि त्याच्या डोळ्यांसमोर झाडं पडायला लागली. सरकारी वनखात्याला लाकूड हवं होतं. शेकडो वर्षांचे ओक तोडून तिथे लवकर वाढणारे पाईन ओळीने लावायचे, असा बेत चालू होता. वनखात्याचंही म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पॅरिस वाढत होतं, घरांना तुळया लागत होत्या, थंडीत चुली पेटायला हव्या होत्या आणि जुनी झाडं आतून पोकळ होत चालली होती. पण रूसोला ते पाहवेना. १८४७ मध्ये त्याने झाडं तोडण्याचं एक चित्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'निष्पापांची कत्तल'. बायबलात हेरोद राजाची एक गोष्ट आहे. आपला काळ जन्माला आला आहे असं कळताच त्याने गावातली सगळी तान्ही बाळं मारायचा हुकूम दिला. आपल्याकडे कंसाची गोष्ट आहे ना, तशीच. रूसोने झाडांना त्या बाळांच्या जागी ठेवलं. ते चित्र अपुरंच राहिलं. हॉलंडमध्ये हेग शहरातल्या एका संग्रहालयात ते आजही आहे.

नुसतं चित्र काढून तो थांबला नाही. १८५२ मध्ये त्याने चित्रकारांच्या वतीने सरकारकडे अर्ज केला, की जंगलाच्या ज्या भागांत आम्ही चित्रं काढतो तिथली जुनी झाडं तोडू नयेत. विचार करा, अर्जात कारण काय? लाकूड नाही, पाऊस नाही, औषधी मुळ्या नाहीत. झाडं सुंदर आहेत, एवढंच! असा अर्ज आपल्या तालुक्याच्या गावी कुणी केला तर टेबलामागचे साहेब चष्म्यावरून बघतील. पण झालं असं, की १८५३ मध्ये ६२४ हेक्टर जंगल कुऱ्हाडीपासून बाजूला काढलं गेलं. १८६१ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने हुकूमच काढला आणि १,०९७ हेक्टर, म्हणजे सुमारे २,७०० एकर, राखीव झाले. त्या भागाचं सरकारी नाव होतं 'कलेसाठी राखीव'! अमेरिकेतलं येलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान तुम्ही पाठ करता ना, ते १८७२ चं. म्हणजे हे त्याच्याआधी अकरा वर्षं.

हे वाचलं तेव्हा मला फार हुरूप आला होता. २०१९ साली आमच्या गावाहून तालुक्याला जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने वड होते. त्यांची साल तासून त्यावर लाल रंगाने आकडे टाकले. चौथीच्या मुलांना घेऊन मी दोन शनिवार तिथे गेले. प्रत्येकाने एक झाड निवडायचं आणि समोर बसून काढायचं. डोंगर नाही, सूर्य नाही, नारळ तर मुळीच नाही. पहिल्या शनिवारी सगळी झाडं कोबीच्या गड्ड्यासारखी आली. दुसऱ्या शनिवारी एका मुलीने पारंब्या मोजल्या. एकाने ढोलीतला पिंगळा काढला. दुसरा म्हणाला, "बाई, सतरा नंबरचा आकडा पण काढू का?" मी म्हटलं, दिसतोय ना? मग काढ.

ती चित्रं एका अर्जाला जोडून आम्ही पाठवली. पोच मिळाली. पावसाळ्याच्या आधी वड तोडले. वळणावरचा एक तेवढा राहिला. तो आमच्या अर्जामुळे नव्हे. रस्ताच तिथे पलीकडे वळला म्हणून राहिला. पिंगळा कुठे गेला ते कळलं नाही.

फोंतेनब्लोला परत जाऊ. जंगल राखलं, पण बघायला कोण येणार? दाट रान, वाट चुकायची भीती. इथे आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. क्लोद-फ्रान्स्वा देनेकूर. हा नेपोलियनच्या सैन्यातला जुना शिपाई, लढाईत जखमी झालेला. पुढे फोंतेनब्लोच्या बराकीत त्याला नोकरी मिळाली, पण १८३२ मध्ये त्याच्या राजकीय मतांमुळे ती गेली. मन रमेना म्हणून तो रानात भटकायला लागला. भटकता भटकता त्याने वाटा शोधल्या, दगड बाजूला केले, पायऱ्या केल्या, आणि लोक चुकू नयेत म्हणून झाडांवर आणि दगडांवर निळे बाण रंगवले. स्वतःच्या पैशांनी! छोटी मार्गदर्शक पुस्तकं छापून विकली आणि तेही पैसे वाटांवर घातले. मोठमोठ्या झाडांना, दगडांना, गुहांना त्याने नावं दिली. १८७५ मध्ये तो वारला तोवर सुमारे दीडशे किलोमीटर वाटा तयार झाल्या होत्या. खुणांच्या आधारे रानवाटा फिरायची पद्धत जगात आता सगळीकडे आहे. गिर्यारोहक मंडळी आपल्या सह्याद्रीतसुद्धा दगडांवर बाण रंगवतात. त्या घराण्यातला हा मूळपुरुष म्हटला तरी चालेल. लोक त्याला कौतुकाने 'वनदेव' म्हणत. चित्रकारांचं झाडांवर प्रेम होतं खरं, पण त्यांना जंगल शांत हवं होतं. सामान्य माणसाला हात धरून आत नेलं ते या नोकरी गेलेल्या शिपायाने. मला तो रूसोपेक्षा थोडा जास्तच आवडतो.

आणखी एक गोष्ट याच गावात घडली. दुसरं महायुद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. ५ ऑक्टोबर १९४८ या दिवशी अनेक देशांचे लोक फोंतेनब्लोला जमले होते आणि तिथे निसर्ग वाचवण्यासाठी एक जागतिक संघटना स्थापन झाली. तिचं नाव आय.यू.सी.एन. जगातले कुठले प्राणी, पक्षी, वनस्पती नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत, याची 'लाल यादी' ही संघटना १९६४ पासून ठेवत आली आहे. त्या यादीत आमच्या जिल्ह्याचा एक रहिवासी आहे, तो म्हणजे माळढोक! सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा हा उंच, रुबाबदार पक्षी. २०११ मध्ये त्याला धोक्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर टाकलं. त्याच्यावर आता फक्त 'रानातून नामशेष' आणि 'नामशेष' एवढंच उरतं.

हे मी यंदा चौथीच्या वर्गात सांगत होते. एका मुलाने हात वर केला.

"बाई, त्या यादीत आपला वड हाय का?"

"नाही रे. वड भरपूर आहेत. देशभर आहेत."

"मग आपल्या रस्त्यावरचे?"

त्याचा मोठा भाऊ २०१९ च्या त्या वर्गात होता. सतरा नंबर काढणारा. मी काही बोलायच्या आत त्याने वहीचं शेवटचं पान उलटलं, वर 'लाल यादी' असं लिहिलं आणि खाली नंबर घातले. १) वळणावरचा वड. २) शाळेपुढचा लिंब. ३) देवळामागची चिंच. मग शेजारच्या मुलीकडे वळून विचारलं, "तुमच्या वस्तीवर काय काय हाय?"